चालू इंजिन बंद करा

पहिले अकरा दिवस माझं विमान डावीकडच्या गवतात गेलं. उजवीकडे एकदाही नाही, दर वेळी डावीकडेच. विमान म्हणजे डी हॅविलँड मॉस्किटो. दुसऱ्या महायुद्धातलं, दोन इंजिनांचं, लाकडाचं. गवत म्हणजे माझ्या मॉनिटरवरचं. मी पुण्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, रात्री अकरा वाजता, हाफ पँटवर, सेकंडहँड जॉयस्टिक टेबलाला आवळून बसलेलो. बाराव्या दिवशी रूममेट मागे उभा राहून मॅगी खाता खाता म्हणाला, "काय बे, एवढं कशाला? सेटिंगमध्ये असिस्ट असेल ना. लाव अन् उड."

असिस्ट होतंच. टेकऑफ असिस्ट नावाचा एक स्लायडर, आणि शेजारी ऑटो रडर. मी दोन्ही लावले. विमान रुळावरून निघाल्यासारखं सरळ धावलं आणि हवेत गेलं. रूममेट म्हणाला, "झालं ना!"

हा लेख त्या 'झालं ना'च्या विरोधात आहे.

आधी कबुलीजबाब. 'झालं ना' हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या टीमचं काम एका वाक्यात सांगायचं तर, नव्या माणसाने ॲप उघडल्यापासून त्याचा पहिला व्यवहार होईपर्यंत वाटेत जिथे जिथे तो अडखळतो, ती जागा काढून टाकायची. या अडखळण्याला आमच्याकडे 'फ्रिक्शन' म्हणतात. ते वाईटच असतं, यावर मीटिंगमध्ये चर्चासुद्धा होत नाही. सात स्क्रीनचे आम्ही चार केले, चाराचे तीन. आलेख वर गेला की केक येतो. तो केक मी खाल्लाय आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या आजीला खात्यात पेन्शन जमा झाली का ते बघायचं असतं, त्यासाठी तिला काही शिकावं लागू नये. रेल्वेचं तिकीट, गॅसचा नंबर, लाइट बिल, हे जेवढं सोपं करता येईल तेवढं करा. मी शनिवारी येऊन करतो.

भांडण पुढे आहे. तिकिटाचा नियम आम्ही शिकण्याला लावला. जिथे अडखळणं हाच सगळा मुद्दा होता तिथूनही ते उपटून टाकलं आणि उरलेल्या गोष्टीला 'शिकणं' हे जुनंच नाव ठेवलं. सात दिवसांत पायथन, दहा मिनिटांत गिटार, पंधरा मिनिटांत एका जाडजूड पुस्तकाचं सार. शेवटी हिरवी खूण आणि स्क्रीनवर रंगीत कागदांची उधळण. ते कागद किती सेकंद पडत राहावेत यावर मी एकदा दोन दिवस घालवलेत. म्हणजे मी बाहेरून दगड मारत नाहीये.

आता विमान. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये ॲल्युमिनियम लाखमोलाचं होतं आणि लढाऊ विमानं बनवणारे कारखाने तुंबलेले होते. फर्निचरवाले आणि पियानो बनवणारे सुतार मात्र होते. डी हॅविलँडने बर्च लाकडाच्या पातळ प्लायमध्ये हलकं बाल्सा भरून, गोंदाने चिकटवून, विमान बांधलं. २५ नोव्हेंबर १९४० ला ते हॅटफिल्डहून पहिल्यांदा उडालं. बॉम्बफेकी मॉस्किटोवर बचावाची एकही बंदूक नव्हती, पळणं हाच बचाव. पुढे साडेसात हजारांहून जास्त बनली. मी उडवतो ते मार्क सहा. त्याच्या नाकात चार मशीनगन आणि पोटाखाली चार तोफा, दोन रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनं, प्रत्येकी सुमारे १,६०० हॉर्सपॉवरची. वैमानिक डावीकडे, नॅव्हिगेटर उजवीकडे जरा मागे. दोघे इतके खेटून बसतात की आपल्याकडच्या वडापच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्यांनी सहानुभूती दाखवावी.

आज उडू शकणारी मॉस्किटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. जुलै १९९६ मध्ये मँचेस्टरजवळ बार्टनला एअर शो चालू असताना एका मॉस्किटोच्या इंजिनाची शक्ती गेली, ताबा सुटला, आतले दोघेही गेले. त्यानंतर २०१२ साली न्यूझीलंडमध्ये एक नव्याने बांधून उडवेपर्यंत जगात एकही मॉस्किटो हवेत नव्हतं. तेव्हा माझ्यासारख्यासाठी सिम्युलेटर हा खऱ्याला पर्याय वगैरे नाही. खरं मिळणारच नाही. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये हे विमान २०२१ मध्ये आलं. एका दिवाळीच्या सेलमध्ये मी ते घेतलं आणि गवतात गेलो.

डावीकडेच का? हे समजायला मला असिस्ट बंद करावं लागलं, म्हणून सविस्तर सांगतो.

मॉस्किटोची दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटं शेपटीखाली. वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे. आमच्याकडे सांगलीला उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून रिव्हर्स घेणारा माणूस ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. ट्रॉली एवढीशी तिरकी झाली की ते तिरकेपण आपलं आपण वाढत जातं. दुरुस्ती उशिरा केली तर ती दुरुस्ती राहत नाही. त्यात मॉस्किटोचे दोन्ही पंखे एकाच दिशेला फिरतात. मागून आलेली पिळदार हवा शेपटीला ढकलते, शेपटी वर उचलली की पंख्यांचा जायरोस्कोप आपला झटका देतो, आणि सगळ्यांची बेरीज नाक डावीकडे. अमेरिकनांच्या पी-३८ मध्ये दोन पंखे एकमेकांविरुद्ध फिरतात. डी हॅविलँडनेही पुढच्या हॉर्नेट विमानात तसंच केलं. म्हणजे हा दोष त्यांनाही माहीत होता आणि त्यांनी तो यंत्रातच सुधारला. त्याला माझी ना नाही. तोवर वैमानिकाने काय करायचं? डावा थ्रॉटल उजव्याच्या किंचित पुढे ठेवायचा, उजवा पाय तयार ठेवायचा, आणि नाक हललेलं दिसायच्या आधी ते हलणार हे ओळखायचं.

हे 'आधी' कुठून येतं? गवतातून येतं. गवतात चाळीसएक वेळा गेल्यावर कधीतरी कमरेला काहीतरी कळतं. माझी खुर्ची हलत नाही, तरी कळतं. इंजिनाचा आवाज अमुक चढला की पाय आपोआप पुढे जातो. असिस्टने नेमकं हेच काढून घेतलं होतं. मी थ्रॉटल कसेही ढकलले तरी कुणीतरी गुपचूप माझ्या वतीने उजवं रडर दाबत होतं. विमान सरळ जात होतं आणि मला वाटत होतं की विमान सरळ जातंच. मला टेकऑफ येत नव्हता एवढंच असतं तर चाललं असतं. मला एक धडधडीत खोटी गोष्ट खरी म्हणून शिकवली गेली होती, आणि तीही माझं अभिनंदन करून.

असिस्टवर मी दोन आठवडे मजेत उडलो. मग एका रात्री मिशनमध्ये बिघाड चालू करून ठेवले. धावपट्टी सुटली, चाकं आत जात होती आणि डावं इंजिन गेलं. मी जे केलं ते कोणीही करेल. शक्ती कमी झाली म्हणून उरलेला थ्रॉटल पुढे रेटला. विमान डावीकडे वळलं, कललं, उलटं झालं आणि जमिनीत गेलं. वाचायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात.

रिप्ले चार वेळा पाहिला. मला मारलं ते बंद पडलेल्या इंजिनाने नव्हे, चालू असलेल्या इंजिनाने.

उजवं इंजिन पूर्ण जोराने ओढतंय, डावं ओढत नाही. विमान मध्यबिंदूभोवती फिरू पाहतं. त्याला थांबवणारं एकच, शेपटीवरचं रडर. पण रडरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १६० मैलांना त्यात जेवढी ताकद असते त्याच्या निम्म्याहून कमी ११० ला असते. इंजिनाला मात्र वेगाशी फारसं देणंघेणं नाही, ते तेवढंच ओढतं. मॉस्किटो साधारण ११०-१२० मैलांना जमीन सोडतं, आणि एका इंजिनावर सरळ राहायला लागणारा वेग त्याच्या बराच वर आहे. मधला जो पट्टा आहे, काही सेकंदांचा, त्यात पाय रडरवर शेवटपर्यंत दाबलात तरी पुरत नाही. त्या पट्ट्यात इंजिन गेलं तर करायची गोष्ट एकच, चालू इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढा आणि समोर जे दिसेल त्यावर उतरा. शेत असेल तर शेत, कुंपण असेल तर कुंपण. वैमानिकांमध्ये जुना विनोद आहे की दोनपैकी एक इंजिन बंद पडलं की दुसरं तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत पोचवतं.

तेच विमान वेगात असताना पाहा. जेफ्री डी हॅविलँड ज्युनिअर प्रात्यक्षिकांत एक इंजिन बंद करून, वर चढता चढता मॉस्किटोला रोल करायचा. बघणाऱ्या जनरल लोकांचे डोळे पांढरे व्हायचे. उलट, मार्च १९४४ मध्ये एरिक ब्राऊनने मॉस्किटो 'इन्डिफॅटिगेबल' या विमानवाहू जहाजावर उतरवलं. डेक आखूड, म्हणून तो इतक्या हळू आला की त्या शेवटच्या टप्प्यात एक इंजिन गेलं असतं तर करण्यासारखं काही नव्हतं. त्याला ते नेमकं माहीत होतं. किती सेकंद आपण त्या पट्ट्यात आहोत हे माहीत असलेला माणूस आणि असा पट्टा असतो हेच माहीत नसलेला माणूस, बाहेरून दोघांचं विमान सारखंच सरळ दिसतं.

मी असिस्ट काढून टाकलं. ओएलएक्सवरून जुने पेडल घेतले, कारण जॉयस्टिक पिळून रडर मारण्यात पायाला काही कळत नाही. आणि पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा गवत.

पेडल आल्यावर एक जुनी युक्ती शिकलो. इंजिन गेलं की कुठलं गेलं हे घड्याळांवरून पटकन कळत नाही. पंखा वाऱ्याने फिरत राहतो, काटे गोंधळात टाकतात. पण विमान सरळ ठेवायला एक पाय जोर लावत असतो आणि दुसरा रिकामा असतो. रिकामा पाय ज्या बाजूला, मेलेलं इंजिन त्या बाजूला. मग पुढचं काम, त्याचा पंखा 'फेदर' करायचा. म्हणजे पात्यांची धार वाऱ्याला समोर करायची, नाहीतर तो पंखा ब्रेकसारखा ओढतो. चुकीचा फेदर केलात तर तुमच्याकडे एकही इंजिन नाही.

हे जुनंपुराणं ज्ञान वाटत असेल तर ४ फेब्रुवारी २०१५ आठवा. तैपेईहून निघालेलं एटीआर ७२, आपल्याकडे छोट्या शहरांना जोडतात त्याच जातीचं. एका बिघडलेल्या सिग्नलमुळे उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला. डावं इंजिन ठणठणीत होतं. वैमानिकाने डावं मागे ओढलं आणि मग बंद केलं. एका पुलाला पंख घासत विमान नदीत पडलं, तो व्हिडिओ तुम्ही बहुधा पाहिलाय. ५८ पैकी ४३ जण गेले. ते वैमानिक अडाणी नव्हते, हजारो तास उडालेले होते. मी टेबलाशी बसून त्यांना शहाणपण शिकवणार नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की यंत्र जेव्हा आपल्या वतीने काहीतरी करतं, तेव्हा 'आत्ता काय झालं?' हा प्रश्न माणसाकडे उरतोच, आणि त्याचं उत्तर द्यायला काही सेकंदच मिळतात.

मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता मलाही हा प्रश्न पडला होता. मरणार कोणी नव्हतं, फक्त लोकांचे पैसे अडकत होते. समोरच्या एका कंपनीचा सर्व्हर मंदावला होता. आमच्या सर्व्हिसमध्ये सोय होती की उत्तर आलं नाही तर विनंती आणखी तीनदा पाठवायची. तो कोड एआय असिस्टंटने लिहिलेला. मी मागितला, त्याने दिला, टेस्ट हिरव्या झाल्या, मी मर्ज केला. झालं ना. आता प्रत्येक विनंतीच्या चार होत होत्या आणि आधीच धापा टाकणाऱ्या त्या सर्व्हरवर आम्ही चौपट गर्दी लोटत होतो. मी काय केलं? आणखी मशिन वाढवली. उरलेला थ्रॉटल पुढे. प्रत्येक नवं मशिन जागं होऊन त्याच बंद दारावर धडका मारायला लागलं.

टीममधल्या सीनियरने फोनवर अर्धवट झोपेत विचारलं, "तुझी सर्व्हिस चालू आहे?"

"हो, आपली व्यवस्थित आहे. बिघडलंय ते समोरचं."

"मग आपली बंद कर."

मला दोनदा विचारावं लागलं. तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही, नुसती वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कोणी मला बोललं नाही. टेस्ट हिरव्या होत्या, कोड नीटनेटका होता, रिव्ह्यू झाला होता. त्या कोडमधली एकही ओळ चुकीची नव्हती. फक्त तो लिहिला जात असताना 'तीनदा का? मध्ये किती थांबून? आणि समोरचाच मरत असेल तर?' हे प्रश्न ज्याच्या डोक्यात यायला हवे होते तो माणूस, म्हणजे मी, तिथे नव्हतो. मी मागच्या सीटवर बसून खिडकीतून बघत होतो.

एआयला शिव्या घालायला मी हे सांगत नाहीये. मी तो रोज वापरतो आणि उद्याही वापरेन. आणि खरं तर ही सवय त्याच्या कितीतरी आधीची आहे. आमच्या इंजिनिअरिंगला परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड आणि 'आयएमपी'ची यादी फिरायची. पहिल्या वर्षीच्या मेकॅनिक्समध्ये मोमेंट म्हणजे बल गुणिले अंतर, हे लिहून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले. तिसऱ्या वर्षी 'स्टॅबिलिटी'वर दहा मार्कांचं उत्तर आकृतीसकट पाठ होतं. उसाची ट्रॉली लहानपणापासून पाहत होतो, गणित येत होतं, डिग्री फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एका लाकडी विमानाने गवतात नेऊन सांगितलं. तेव्हाच्या मास्तरांवर मी खापर फोडत नाही. चौकटीतला अभ्यासक्रम, साठ पोरं, पडदा लावलेली लॅब. पण आम्हाला कोणी गवतात जाऊच दिलं नाही.

यावर एक उत्तर मला हमखास मिळतं, की मग काय, सगळ्यांनी सगळं कठीण करून घ्यायचं? शिकवणं म्हणजे सोपं करणंच ना?

नाही. याचा माझ्याकडे एक आवडता पुरावा आहे. युद्धकाळात ब्रिटनमध्ये एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी नावाची संस्था होती. कारखान्यातून निघालेली विमानं तळांवर पोचवायची, हे तिचं काम. तिच्यात दीडशेहून जास्त स्त्री वैमानिक होत्या. १९४३ पासून त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला, जे तेव्हा जवळपास कुठेच घडत नव्हतं. सकाळी त्यांना चिठ्ठी मिळायची. आज स्पिटफायर, दुपारी मॉस्किटो, संध्याकाळी ज्याला कधी हात लावला नाही असं काहीतरी. बहुतेक वेळा रेडिओही नाही. त्यांच्या खिशात रिंगमध्ये ओवलेल्या छोट्या कार्डांची एक वही असायची, फेरी पायलट्स नोट्स. एकेका विमानाला एखाददुसरं कार्ड. किती बूस्ट, किती आरपीएम, कुठल्या वेगाला काय, कशाला जपायचं. तेवढ्यावर त्या बाया नवं विमान घेऊन जायच्या.

आता याला म्हणतात सोपं करणं. ज्याने ते कार्ड लिहिलं त्याने शब्द कमी केले, विमान कमी केलं नाही. आणि ते कार्ड वाचणारी बाई आधी छोट्या विमानांवर, मग एका इंजिनाच्या, मग दोन इंजिनांच्या, अशी पायरी पायरीने आलेली असायची. हवाईदलानेही मॉस्किटोची दुहेरी कंट्रोलची आवृत्ती काढली होती, शिकवणारा शेजारी बसायचा. पण शेजारी बसलेला मास्तर आणि गुपचूप रडर दाबणारा स्लायडर यांत फरक आहे. मास्तर तुम्हाला सांगतो की आत्ता मी दाबलं, तू नाही.

दुसरं उत्तर घरून येतं. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "अरे, एवढं शिकून लायसन तरी मिळतं का?" नाही मिळत. "मग उपयोग काय?" इथे माझ्या वयाचे लोक लगेच गुडघे टेकतात. याने फोकस वाढतो, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग सुधारतं, मी आता प्रेशरखाली शांत राहतो. लिंक्डइनवर या छंदाची अशी पोस्ट मी दोन मिनिटांत पाडू शकतो, 'मॉस्किटोने मला लीडरशिपबद्दल शिकवलेल्या पाच गोष्टी'. मी ती पाडणार नाही. उपयोग काही नाही, आई. तू संक्रांतीच्या आधी आठ दिवस हलव्याला काटा यावा म्हणून शेगडीपुढे बसायचीस, विकतचा मिळत असताना. तसंच धर. ती हसली आणि म्हणाली, "तो खाता तरी यायचा."

पैशाचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. चांगला पीसी, जॉयस्टिक, पेडल, सेलमधलं विमान, हे सगळं पगार सुरू झाल्यावरच जमलं. दहावीतल्या मला हे परवडलं नसतं, आणि ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्याला मी 'असिस्ट काढ' म्हणून उपदेश करणं हा माज आहे. पण फोनवर असिस्ट नसलेल्या गोष्टी नाहीत असं थोडंच आहे? बुद्धिबळ आहे. इंजिनची सूचना बंद करून हरता येतं.

आता माझ्याच जमातीकडे वळतो, कारण सिम्युलेटरवाल्यांना हा लेख इथपर्यंत फार आवडला असणार. आम्ही 'फुल रिअल'वाले. कॉकपिटमधल्या एखाद्या घड्याळाचा काटा मार्क सहामध्ये अमुक रंगाचा होता की तमुक, यावर आम्ही रात्र रात्र वाद घालू शकतो. असिस्ट लावणाऱ्याला आम्ही हसतो.

२१ मार्च १९४५. कोपनहेगनमधल्या शेलहूस या इमारतीत गेस्टापोचं मुख्यालय होतं. वरच्या मजल्यावर डॅनिश प्रतिकार चळवळीतले कैदी ठेवलेले. मॉस्किटो मार्क सहा, म्हणजे मी उडवतो तेच, घरांच्या छपरांना लागून आली. पहिल्या लाटेतलं एक विमान रेल्वे यार्डातल्या दिव्याच्या उंच खांबाला धडकलं आणि फ्रेडरिक्सबेर्ग भागात जान दार्क शाळेजवळ कोसळून पेटलं. मागून आलेल्यांपैकी काहींना तो धूर म्हणजेच लक्ष्य वाटलं. त्यांनी शाळेवर बॉम्ब टाकले. ८६ मुलं मेली. शेलहूसही उद्ध्वस्त झालं, गेस्टापोची कागदपत्रं जळाली, काही कैदी निसटले. ते वैमानिक त्या काळातले सर्वांत कसलेले होते. रडर, थ्रॉटल, फेदर, सगळं त्यांना यायचं.

माझ्या सिम्युलेटरमध्ये मी गावांवरून खांबांच्या उंचीवर उडलोय. गावात घरं आहेत, चर्च आहे, झाडं आहेत, आगगाडी जाते. शाळेत कोणी नाही. बॉम्ब चुकला तर घराचा पोत बदलतो, धूर येतो, मी पुन्हा सुरू करतो. तसंच गोंदाचं. १९४४ च्या अखेरीस भारतात काही मॉस्किटो हवेतच मोडली, तपासणीत चिकटवलेले सांधे उघडलेले सापडले, विमानं थांबवावी लागली, आणि दोष इथल्या दमट हवेचा की तिथल्या कारखान्याचा यावर वाद झाला. माझं विमान कितीही पावसात उभं केलं तरी त्याचा गोंद सुटत नाही. आणि मी मेलो की मेन्यू येतो.

हीसुद्धा असिस्टच आहेत. सगळ्यात मोठी. फक्त त्यांना स्लायडर नाही, म्हणून ती आम्हाला दिसत नाहीत आणि आम्ही 'फुल रिअल' म्हणत फिरतो. गोंद सुटणारं विमान कोणी खेळायला घेणार नाही, कळतं मला. मुलं असलेली शाळा सिम्युलेटरमध्ये ठेवावी असंही मी म्हणत नाही, आणि ठेवली तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही. पण मग ते दोन शब्द वापरू नका. ज्या कारणासाठी मी रूममेटच्या 'झालं ना'ला हसलो, त्याच कारणासाठी मला आता कोणी 'खऱ्यासारखंच आहे' म्हणालं की गप्प बसवत नाही. मी शिकलोय ते एक यंत्र. तेही माझ्या बाजूचं, काचेच्या अलीकडचं.

काल रात्री पाऊस होता, दोनदा लाइट गेली. तिसऱ्यांदा सगळं नीट सुरू झालं. इंधनाचे कॉक, मॅग्नेटो, बूस्टर कॉइल, रेडिएटरच्या झडपा. डावा थ्रॉटल किंचित पुढे, शेपटी वर, उजवा पाय. नाक हललं नाही. ताशी ११५ मैलांच्या आसपास चाकांखालचा खडखडाट थांबला आणि डावं इंजिन गेलं. बिघाड चालू ठेवले होते हे मी विसरलो होतो. हात पुढे जायला निघाला होता, खोटं कशाला बोलू. मग मागे आला. उजवा थ्रॉटल पूर्ण मागे. विमान पुन्हा धावपट्टीवर आदळलं, उसळलं, टोक ओलांडून कुंपणात घुसलं, पंखा वाकला आणि थांबलं. सरळ बाजूने थांबलं.

रूममेट मागून जात होता. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अबे, अजून गवतातच?"

"हो," मी म्हणालो. "पण समोरच्या."